गरबा आणि कीर्तन: व्हिडिओ ऑनलाइन चढवण्यापूर्वी फाईल कशी तयार करावी

नवरात्रात बडोद्याच्या मैदानावर घेतलेला गरब्याचा व्हिडिओ लॅपटॉपवर झकास दिसतो. तोच यूट्यूबवर चढवला की चनियाचोळीच्या घेरांचे ठोकळे पडतात, आभल्यांची लखलख मळकट होते आणि मागच्या रांगांतले चेहरे पुसल्यासारखे होतात. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर बडोद्यातल्याच दांडिया बाजार या भागात घेतलेलं कीर्तन मात्र छान स्वच्छ दिसतं. मग लोक कॅमेऱ्याला नाहीतर इंटरनेटला दोष देतात. खरं कारण चित्राच्या आत असतं.

व्हिडिओच्या फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते, तिला की-फ्रेम म्हणतात. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त आधीपेक्षा काय बदललं एवढंच असतं. कीर्तनात बुवांचे हात आणि चेहरा हलतो. मागची पेटी, तबला, पडदा, देवाची मूर्ती सगळं जागच्या जागी. गरब्यात हजारो माणसं एकाच वेळी गोल फिरत असतात, त्यावर मैदानाची धूळ, त्यावर लुकलुकणारी आभली. प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळंच बदलतं, आणि सेकंदाला मिळणारे बिट, म्हणजे चित्राची माहिती साठवायला मिळणारी जागा, तेवढेच असतात. शिवाय तुम्ही पाठवलेली फाईल यूट्यूब जशीच्या तशी दाखवत नाही, ती पुन्हा दाबून वेगवेगळ्या आकारांत बसवतं. म्हणजे बघणाऱ्याला दिसते ती प्रतीची प्रत. पहिल्या प्रतीत जे बिघडलं ते दुसरीत दुप्पट उठून दिसतं. म्हणून आपली फाईल जितकी निर्मळ आणि भरपूर बिटांची, तितकं शेवटचं चित्र चांगलं.

चित्रीकरणाच्या वेळीच

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. बहुतेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर (एक फ्रेम उजेड घेते तो काळ) १/५० सेकंद आणि ५० फ्रेमला १/१०० ठेवलं की चित्रात पट्टे सरकत नाहीत. बरेच फोन मुळात ३० फ्रेमवर लावलेले येतात आणि शटर स्वतःच १/६० किंवा १/१२० करतात. हॉलमधल्या दिव्यांखाली जी लहर दिसते ती यामुळे. एकदा रेकॉर्ड झालेली लहर संपादनात पूर्ण जात नाही. ३० फ्रेमच ठेवायच्या असतील तरी शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर बांधा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या ठिकाणी 'शो पाल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. तिथेच एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला साठवणारा प्रकार) बंद करा. एचडीआरमध्ये घेतलेलं चित्र साध्या टाइमलाइनवर, म्हणजे संपादनात क्लिप मांडायच्या पट्टीवर, आणलं की चेहरे फटफटीत होतात किंवा दिवे फाटतात, आणि ते निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. शटर, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) हाताने बांधायचे असतील तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोन आणि अनेक अँड्रॉइड फोनवर चालतं.

गरबा ५० फ्रेमवर घ्या. कॅमेऱ्यात ४के-२५ (मोठं चित्र, २५ फ्रेम) आणि १०८०पी-५० (लहान चित्र, ५० फ्रेम) असे दोनच पर्याय असतील तर आमचं मत निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने: गिरकीची सफाई फ्रेममधून येते, पिक्सेलमधून नाही. कीर्तन, व्याख्यान, गाण्याची बैठक यांना २५ पुरेसे.

रात्री आयएसओ जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा. अंधारात चित्रावर जे रवाळ किडे वळवळतात ते यंत्राच्या लेखी हालचालच असते. प्रत्येक फ्रेममध्ये ते नव्या जागी असतात आणि चेहऱ्यांच्या वाट्याचे बिट खाऊन टाकतात.

कार्डावरून उतरवताना

कार्डावरचा एकेक व्हिडिओ उचलू नका, कार्डाचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. अनेक कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे ४ जीबीचे तुकडे करतात आणि ते कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या बारक्या फाईलींत ठेवतात. तुकडे सुटे उचलले तर सांध्यावर आवाजाला बारीकसा खंड पडतो. कीर्तनात तो नेमका अभंगाच्या ओळीत येतो आणि ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

मग मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक प्रकारची एक फाईल उघडून चार गोष्टी पाहा: फ्रेमरेट मोड स्थिर आहे की बदलता, स्कॅन टाइप प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड, कलर प्रायमरीज बीटी.७०९ (साधे रंग) आहेत की बीटी.२०२० (एचडीआरमध्ये येणारे), आणि आवाज ४८ किलोहर्ट्झचा आहे ना. पुढे जो गोंधळ होतो त्यातला बहुतेक इथेच दिसून येतो.

बदलता फ्रेमरेट

फोन उजेड आणि गरमीप्रमाणे फ्रेमची गती थोडी वरखाली करतो. मीडियाइन्फोमध्ये 'व्हेरिएबल' दिसतं ते हेच. काही संपादन प्रोग्राम ही गती स्थिर धरून चालतात, मग पूर्वरंगात ओठ आणि शब्द जुळलेले असतात आणि उत्तररंगापर्यंत आवाज पुढे पळालेला असतो. इलाज संपादनाच्या आधीच करायचा. फाईल हँडब्रेक या व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये घ्या, व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एक्स२६४, फ्रेमरेट मूळचाच आकडा, त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', आणि क्वालिटीचा आरएफ १४ ते १६ ठेवा. आरएफ जितका लहान तितका दर्जा वर; साधारण ६ ने वाढवला की फाईल निम्म्यावर येते. ही फाईल मधल्या टप्प्याची आहे, मोठी झाली तरी चालेल.

मात्र ३० फ्रेमचं २५ करू नका. त्यात दर सहा फ्रेममागे एक गळते आणि गोल फिरणारी रांग ठेचकाळत चालल्यासारखी दिसते. मुख्य कॅमेरा ज्या गतीचा, तीच टाइमलाइनची गती.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर आणखी एक घसरण असते. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, तासाभरात दोन-चार फ्रेमचा फरक सहज पडतो. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवून घ्यावी. राहून गेली असेल तर चिपळ्या किंवा झांज शोधा. त्यांचा ठोका आवाजाच्या आलेखात सुईसारखा टोकदार उठतो. पहिला ठोका जुळवा, शेवटचा बघा, आणि फरक असेल तर आवाजाची गती तेवढ्यापुरती ताणा. प्रोग्राममध्ये स्वर कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू असू द्या.

जुन्या कॅसेटी

घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या, गणपतीच्या मिनी डीव्ही कॅसेटी पडून आहेत. त्यातून उतरवलेलं चित्र ७२० बाय ५७६ आणि इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या आडव्या रेषा विणलेल्या असतात. तसंच चढवलं तर हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेससाठी 'बीडब्ल्यूडिफ' निवडा, प्रीसेट 'बॉब', आणि फ्रेमरेट ५० स्थिर. यात दोन्ही क्षणांच्या स्वतंत्र फ्रेम होतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी सलग राहते. नंतर संपादनात ४:३ चं प्रमाण राखून १४४० बाय १०८० पर्यंत मोठं करा आणि दोन्ही बाजूंना काळं सोडा. रुंदी भरण्यासाठी ताणू नका. आजीचा चेहरा चपटा करून काय साधतं? मोठं केल्याने नवा तपशील येत नाही, पण ५७६ ओळींच्या फाईलला यूट्यूब फार थोडे बिट देतं, १०८० ला बरेच जास्त.

संपादनाची मांडणी

दाविंची रिझॉल्व्ह या संपादन प्रोग्रामची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. प्रोजेक्ट उघडल्यावर पहिल्यांदा प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइनचा फ्रेमरेट ठरवा. एकदा क्लिप आत घेतल्या की तो बदलता येत नाही आणि मग सगळी मांडणी नव्याने करावी लागते. आकार १९२० बाय १०८०, रंगाची जागा रेक.७०९ (म्हणजे वरचं बीटी.७०९च).

रात्रीच्या चित्रावर ते रवाळ किडे असतील तर आधी थोडे पुसा. काळाच्या अंगाने काम करणारं नॉईज रिडक्शन रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मिळत नाही; त्याऐवजी हँडब्रेकमधला 'एनएलमीन्स' फिल्टर 'लाइट'वर लावा. 'स्ट्राँग'च्या वाटेला जाऊ नका, त्याने जरीचा पोत आणि गालांची कातडी दोन्ही मेणाची होतात. हे काम वेळ खातं. एक तासाच्या चित्राला साध्या लॅपटॉपवर कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा.

लाल रंगाची काळजी वेगळी. ऑनलाइन व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा साठवतात, रंग मात्र चार पिक्सेलना मिळून एक. ४:२:० म्हणतात ते हेच. गडद लाल चनियाचोळीवर बारीक आभली किंवा कीर्तनात कुंकवाच्या रंगाचं उपरणं असलं की कडा उतू गेल्यासारख्या पसरतात. फक्त लाल रंगाची तीव्रता थोडी, दहाएक टक्के, खाली आणली की कडा पुन्हा धरतात. डोळ्याला रंग उतरल्यासारखा वाटत नाही.

मागे काळा पडदा आणि त्यावर हळूहळू विरणारा उजेड असेल, जसा बडोद्यातल्या अकोटा भागातल्या सयाजी नगरगृहासारख्या सभागृहातल्या रंगमंचावर असतो, तर कॉम्प्रेशननंतर त्या उजेडाच्या पायऱ्या दिसू लागतात. इथे उलटा उपाय चालतो: अगदी अंधुक, स्थिर जातीचा दाणा मिसळावा. दाण्याने पायऱ्यांच्या कडा मोडतात. गरब्यावर हा प्रयोग करू नये, तिथे आधीच बिटांची ओढाताण असते.

देवनागरी अक्षरं

शीर्षकाची शिरोरेषा बारीक असली तर दाबल्यावर ती तुटक होते, आणि रेषा तुटली की अक्षर वाचायला त्रास होतो. १०८० ओळींच्या चित्रात देवनागरीची उंची ५५ पिक्सेलच्या खाली नेऊ नका आणि मध्यम किंवा ठळक वजन घ्या. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि जोडाक्षरं नीट दाखवतात. 'र्‍य', 'ज्ञ', 'क्ष', 'ट्र' आणि पहिली वेलांटी असलेले शब्द एकदा डोळ्यांनी तपासा, कारण काही प्रोग्राममध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. नावं चित्राच्या तळाशी चिकटवू नका, तिथे प्लेअरची पट्टी येते.

बोलण्याची उपशीर्षकं वेगळ्या एसआरटी फाईलमध्ये द्या आणि ती यूटीएफ-८ मध्ये जतन करा. दुसऱ्या कशात केली तर सगळा मजकूर प्रश्नचिन्हांचा होतो.

आवाज

चित्र जरा कमी असलं तर लोक सोसतात, आवाज वाईट असला तर बंद करतात. कीर्तनात बुवा हळू आवाजात कथा सांगतात आणि लगेच गजर होतो. दोन्हींत फार अंतर असतं. ते सगळं एका कॉम्प्रेसरने (मोठा आवाज दाबून अंतर कमी करणारं साधन) चेपलं तर कीर्तनाचा जीव जातो. आधी हाताने आवाजाची पातळी भागाभागाने जवळ आणा, मग हलका कॉम्प्रेसर, २:१ च्या पुढे नको. शेवटी लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरलेल्या कमाल पातळीपुढे जाऊ न देणारं साधन, उणे १ डीबी ट्रू पीकवर.

एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणा. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट पानावर लाउडनेस मीटर आहे, तो पूर्ण कार्यक्रमावर चालवून पाहा. यूट्यूब त्याहून मोठा आवाज खाली आणतं, पण हळू आवाज वर चढवत नाही. उणे २४ वर सोडलेलं कीर्तन म्हणूनच फोनवर ऐकू येत नाही. उलट गरब्याचा ढोल उणे ८ वर ठोकून बसवला तरी तो मोठा वाजत नाही, फक्त त्याची थाप बोथट होते. गाण्याच्या बैठकीला उणे १६ ते १८ वर सोडलं तरी आमची हरकत नाही. तानपुऱ्याभोवतीची शांतता तिथे महत्त्वाची.

एक नेहमीची चूक: कॉलर माइक एकाच चॅनलवर असतो आणि हेडफोनवर बुवा फक्त डाव्या कानात बोलतात. क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन तो चॅनल मोनो करा, म्हणजे दोन्हीकडे येईल. लॅपटॉपच्या स्पीकरवर ही चूक कळत नाही, हेडफोन लावूनच ऐका.

एक्स्पोर्ट

रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर तयार यूट्यूब प्रीसेट घेऊ नका, 'कस्टम' घ्या. फॉरमॅट एमपी४, कोडेक (चित्र दाबायची पद्धत) एच.२६४, प्रोफाइल हाय. एच.२६५ ची फाईल लहान होते, पण जुन्या टीव्हीवर आणि जुन्या लॅपटॉपवर ती अडते, आणि यूट्यूब तरीही ती पुन्हा दाबणारच. फ्रेमरेट टाइमलाइनचाच. 'नेटवर्क ऑप्टिमायझेशन'वर खूण करा. त्याने फाईलची अनुक्रमणिका शेपटीऐवजी तोंडाशी येते आणि पूर्ण उतरण्याआधी व्हिडिओ सुरू होऊ शकतो. हँडब्रेकमध्ये यालाच 'वेब ऑप्टिमाइज्ड' म्हणतात. की-फ्रेम निम्म्या सेकंदाला एक असावी अशी यूट्यूबची शिफारस आहे, म्हणजे २५ ला साधारण १२ आणि ५० ला २५.

क्वालिटीमध्ये 'रिस्ट्रिक्ट टू' निवडून आकडा हाताने लिहा. यूट्यूबच्या स्वतःच्या शिफारशी अशा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट):

- १०८०पी, २४ ते ३० फ्रेम: ८ एमबीपीएस
- १०८०पी, ४८ ते ६० फ्रेम: १२ एमबीपीएस
- १४४०पी: १६, जास्त फ्रेमला २४
- ४के: ३५ ते ४५, जास्त फ्रेमला ५३ ते ६८

हे आकडे किमान समजा. कीर्तनाला १२ एमबीपीएस द्या, म्हणजे त्या खान्यात केबीपीएसमध्ये १२०००. गरब्याला १०८०पी-५० वर २५ हजाराच्या खाली जाऊ नका. ग्राफिक्स कार्डावरून एक्स्पोर्ट करत असाल तर आणखी थोडं वाढवा, कारण तो रस्ता झटपट असला तरी त्याच बिटांत एक्स२६४ च्या 'स्लो'इतकं चांगलं चित्र देत नाही.

गरब्यासाठी आणखी एक उपाय: १०८०पी ची टाइमलाइन २५६० बाय १४४० करून ३५ ते ४० एमबीपीएसला एक्स्पोर्ट करा. त्या आकाराला यूट्यूब सहसा व्हीपी९ कोडेक आणि जास्त बिट देतं, ठोकळे बरेच कमी होतात. कीर्तनाला याची गरज पडत नाही.

आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, ३८४ केबीपीएस. डेटा लेव्हल्स 'ऑटो'. 'फुल' ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी काळं एकदम गडप होतं, बुवांच्या काळ्या टोपीच्या घड्या दिसेनाशा होतात. मॅकवर संपादन करत असाल आणि एक्स्पोर्ट फिकट वाटत असेल, तर आधी ती फाईल फोनवर आणि दुसऱ्या संगणकावर बघा. बऱ्याचदा फरक फाईलमध्ये नसून प्लेअरच्या गॅमा (मधल्या उजेडाची पातळी) वाचण्यात असतो. घाईने काळं वाढवलं तर बाकी सगळीकडे अंधार होईल.

फाईल किती मोठी, चढायला किती वेळ

हिशोब सोपा: एमबीपीएस गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे एमबी. अडीच तासांचं कीर्तन १२ एमबीपीएसला साडेतेरा जीबीच्या आसपास, आवाज धरून चौदा. २० एमबीपीएसचं अपलोड असेल तर दीड तासाच्या वर. इथे अपलोडचा वेग बघायचा. योजनेच्या जाहिरातीत मोठा दिसतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. खात्याची फोनने पडताळणी केलेली नसेल तर १५ मिनिटांहून लांब व्हिडिओ स्वीकारला जात नाही, ते आदल्या दिवशीच उरकून घ्या.

फाईल पेनड्राइव्हवर जात नसेल आणि जागा तर भरपूर असेल, तर ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये आहे. त्यात ४ जीबीहून मोठी एकच फाईल बसत नाही. आतलं सगळं काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

मंडळाच्या स्वतःच्या साइटवर

एकच मोठी एमपी४ टाकली तर ज्याच्याकडे नेटवर्क कमी आहे त्याच्याकडे ती अडखळत राहते. एचएलएस वापरा: एकाच व्हिडिओचे चार आकार, प्रत्येकाचे ६ सेकंदांचे तुकडे, आणि प्लेअर नेट बघून आकार बदलतो. कीर्तनासारख्या शांत चित्राला १०८०पी ५ एमबीपीएस, ७२०पी २.५, ४८०पी १.२, ३६०पी ०.७ अशी उतरंड पुरते. सगळ्या आकारांत की-फ्रेम अगदी त्याच जागी, दर दोन सेकंदांनी हवी. ती जुळली नाही तर आकार बदलताना चित्र झटका खातं.

चढवण्याआधी आणि नंतर

एक्स्पोर्ट झालेली फाईल टाइमलाइनमध्ये नाही, वेगळ्या प्लेअरमध्ये उघडा. सुरुवात, शेवट, आणि सगळ्यात अवघड जागा पाहा: गरब्यात गती चढते तो भाग, कीर्तनात टाळ्यांचा गजर. शेवटच्या मिनिटात ओठ आणि शब्द जुळतात का ते मुद्दाम बघा.

पहिल्यांदा 'अनलिस्टेड' चढवा, म्हणजे फक्त दुवा असलेल्यालाच तो दिसतो. चढवल्याबरोबर फक्त लहान आकार तयार असतो आणि चित्र धूसर दिसतं. मोठे आकार तयार व्हायला लांब व्हिडिओला काही तास लागू शकतात. गुणवत्तेच्या यादीत १०८०पी दिसल्यावरच दुवा वाटा. व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की कोडेक दिसतो आणि आवाज यूट्यूबने किती खाली आणला तेही. वर्णनात ०:०० पासून वेळा लिहून पूर्वरंग, मधलं भजन, उत्तररंग, आरती असे भाग पाडता येतात. किमान तीन हवेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो पुन्हा चेपला जातो. दुवा पाठवा, किंवा फाईलच द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, २ जीबीपर्यंत जाते.

दुवा वाटण्याआधीची ही तपासणी टाळू नका, कारण चढवलेल्या व्हिडिओची फाईल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. चूक सापडली तर नवा व्हिडिओ, नवा दुवा, आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेला जुना दुवा एकेकाला सांगून बदलायचा.